रात्रपाळीचे कारकून

सायक्लोस्टाइलचा, म्हणजे प्रती काढायच्या जुन्या यंत्राचा, स्टेन्सिल टाइप करताना रिबन बाजूला सारायची असते, हे मला कॅनडातल्या मिसिसागाच्या वाचनालयात कळलं. रिबन नसली की उघडा खिळा थेट मेणकागदावर आपटतो, मेण कापलं जातं आणि त्या फटीतून मग शाई उतरते. हात हलका पडला तर अक्षर धूसर. जड पडला तर इंग्रजी 'ओ'चं पोट गळून पडतं आणि पानावर नुसता काळा ठिपका उमटतो. "ओला नेहमी हळू मारायचं," अंकल म्हणाले. "फ्रीडममध्ये एक ओ. कलोनियलमध्ये दोन. उहुरूत एकही नाही, ते सोपं."

उहुरू म्हणजे स्वाहिलीत स्वातंत्र्य. हे सांगताना त्यांची दहाही बोटं टेबलावर आपापल्या जागी बसली होती.

मी दर शनिवारी तिथं वयस्कर लोकांना कॉम्प्युटरवर फॉर्म भरायला मदत करते. नव्वदी पार केलेला हा माणूस पहिल्या दिवशी कीबोर्डकडे न बघता माझ्या दुप्पट वेगानं टाइप करायला लागला, तेव्हा आमच्यातलं गुरू कोण नि शिष्य कोण ते तिथंच ठरलं. कुठं शिकलात, विचारलं. "नायरोबी. गव्हर्मेंट." आडनाव गोव्याचं होतं, मी सावंतवाडीची. मालवणीत दोन वाक्यं टाकून पाहिली. त्यांनी कोंकणीत उत्तर दिलं आणि म्हणाले, "बाय, इतके दिस खंय आशिल्लें?" तेव्हापासून मी बाय आणि ते अंकल. त्यांच्या कोंकणीत मधेच स्वाहिली येते, माझ्या मालवणीत पुणेरी. अडलं तर दोघंही इंग्रजीच्या ओसरीवर जाऊन बसतो.

स्वाहिलीत कारकुनाला 'कराणी' म्हणतात. दुकानाला 'दुका', गाडीला 'गारी'. समुद्रापलीकडे गेलेले आपले लोक तिथल्या भाषेत काय ठेवून आले, त्याची ही छोटी यादी आहे. गुजराती दुका चालवत, पंजाबी सुतार-लोहार रेल्वेच्या कारखान्यात, आणि गोंयकार टेबलामागे. वसाहतीच्या कचेऱ्या, बँका, रेल्वेचा हिशेब, सगळीकडे कराणी गोंयकार. एकाच प्रकारच्या कामाला गोऱ्याचा पगार वेगळा, आशियाईचा त्याहून कमी आणि आफ्रिकी माणसाचा तळाला. मधल्या पायरीवरच्याला दोन्हीकडे बघावं लागतं. वरच्याला 'येस सर' म्हणायचं आणि खालच्याला, त्याला नातवंडं असली तरी, 'बॉय' म्हणायचं.

त्यातही गोंयकारांची आणखी एक गंमत. केनियाच्या शिरगणतीत 'इंडियन' वेगळे आणि 'गोवन' वेगळे मोजले जात. पुष्कळांना ते आवडायचंही. पोर्तुगीज कागद, चर्च, वॉल्ट्झ, आणि क्लब. क्लबांतही पायऱ्या, कारकुनांचा एक, शिंप्यांचा दुसरा, आणि जातीनं वरचे स्वतःला समजणाऱ्यांचा तिसरा. जात बोटीत बसून मोंबासाला उतरते आणि तिला कस्टमवाला अडवत नाही.

केनियाच्या स्वातंत्र्यासाठी लढलेला पियो गामा पिंटो या वातावरणातला. जन्म नैरोबीचा, ३१ मार्च १९२७ चा. वडील सरकारी नोकरीत. मुलगा आठेक वर्षांचा झाल्यावर शिकायला गोव्यात धाडला. हडफडेची शाळा, मग धारवाडचं कॉलेज, काही काळ हवाई दलात उमेदवारी, मग मुंबईत पोस्ट-तार खात्यात कारकुनी आणि तिथल्या संपात भाग. गोव्यात पोर्तुगीजांविरुद्धच्या कामात पडला, तेव्हा केप व्हर्द बेटांवरच्या ताराफाल या पोर्तुगीज तुरुंगछावणीत रवानगी होण्याची वेळ आली. १९४९ मध्ये तो केनियात परतला. म्हणजे एका वसाहतीतून निसटून दुसऱ्या वसाहतीत. नैरोबीत त्याला पोटापाण्यासाठी पुन्हा कारकुनीच मिळाली, पण संध्याकाळी तो देसाई मेमोरियल हॉलमध्ये असायचा. तिथल्या भारतीयांच्या इंडियन काँग्रेसची कचेरी तिथंच होती आणि आफ्रिकी कामगार पुढाऱ्यांचं येणंजाणंही तिथंच होतं.

अंकल त्याला 'पियो' म्हणतात. जवळचे मित्र होतात का, विचारलं तर मान हलवतात. "तो सगळ्यांचा जवळचा होता. हांव एक टायपिस्ट."

इथं एक गोष्ट मला आधी ठाऊक नव्हती, ती म्हणजे केनियाच्या लढ्यात तिथल्या भारतीयांच्या छापखान्यांचं स्थान. १९२०च्या दशकात मणिलाल देसाईंच्या 'ईस्ट आफ्रिकन क्रॉनिकल'नं हॅरी थुकू या आफ्रिकी पुढाऱ्याला साथ दिली होती. गिरधारीलाल विद्यार्थींनी 'कलोनियल टाइम्स'साठी राजद्रोहाचा तुरुंग भोगला. मखनसिंग तर छापखानेवाल्याचाच मुलगा. १९३५ मध्ये तो कामगार संघटनेच्या कामात उतरला, पुढं हिंदुस्थानात येऊन तिथंही अटकेत राहिला आणि परत गेल्यावर २३ एप्रिल १९५० ला नैरोबीच्या कालोलेनी हॉलमध्ये त्यानं उघड ठराव मांडला की पूर्व आफ्रिकेला संपूर्ण स्वातंत्र्य हवं, आणि आत्ता हवं. त्यानंतर सुमारे तीन आठवड्यांत अटक. सुटला ऑक्टोबर १९६१ मध्ये. साडेअकरा वर्षं, बिनखटल्याची. आपल्याकडे किती जणांना हे नाव माहीत आहे? मला नव्हतं, आणि मी इतिहास विषय घेऊन पदवीधर झाले आहे.

आणि आप्पासाहेब पंत. सूर्यनमस्कारांवाल्या औंधच्या राजांचे चिरंजीव. नेहरूंनी त्यांना १९४८ मध्ये पूर्व आफ्रिकेत भारताचे पहिले प्रतिनिधी म्हणून पाठवलं. वडिलांच्या संमतीनं संस्थानाचा कारभार प्रजेच्या हाती देण्याचा प्रयोग त्यांनी घरातच पाहिला होता. नैरोबीत ते गोऱ्यांच्या पार्टीत मान डोलवत बसतील ही अपेक्षा मुळात चूक होती. त्यांच्या घरी आफ्रिकी पाहुणे बरोबरीनं येत. आफ्रिकी विद्यार्थ्यांना भारतात शिकायला पाठवण्याच्या शिष्यवृत्त्यांमागेही ते होते. गोरे वसाहतवाले इतके चवताळले की शेवटी ब्रिटिश सरकारनं तगादा लावला आणि १९५४ मध्ये पंतांना तिथून हलवावं लागलं. अंकलना ते आठवतात ते वेगळ्याच कारणानं. "मोठा साब, पण हात मिळवायचा. ब्रिटिश साब आमच्याशी हात मिळवायचे नाहीत." खटाव तालुक्यातला माणूस नैरोबीत एका गोंयकार टायपिस्टाच्या लक्षात सत्तर वर्षं राहिला तो एवढ्यावर.

२० ऑक्टोबर १९५२ ला आणीबाणी जाहीर झाली. त्याच रात्री स्वातंत्र्यलढ्याचे पुढारी जोमो केन्याटा आणि इतरांना उचललं. कापेंगुरियात, युगांडाच्या सरहद्दीकडच्या आडगावात खटला उभा राहिला. बचावासाठी लंडनहून डी. एन. प्रिट आले, नेहरूंनी दिवाण चमनलाल यांना पाठवलं, स्थानिक वकिलांत ए. आर. कपिला होते, जसवंत सिंग होते, आणि मुंबईत जन्मलेला तरुण फिट्झ डिसूझा होता. वकील मिळवण्यासाठी, पैसे जमवण्यासाठी धावपळ करणाऱ्यांत पियो. पुढं त्यानं याहून धोक्याचं कामही केलं. इंग्रजांविरुद्ध जंगलातून लढणाऱ्या माऊ माऊ लढवय्यांपर्यंत पैसा नि शस्त्रं पोचवण्यात त्याचा हात होता. आणि छळाच्या हकिगती गोळा करून, टाइप करून, त्या दिल्लीला आणि लंडनच्या फेनर ब्रॉकवेंसारख्या खासदारांना पाठवणं हेही चालूच होतं.

त्या 'टाइप करून' या दोन शब्दांत अंकल येतात. तेव्हा वय वीस-एकवीस. दिवसा सरकारी खात्यात पत्रं टाइप करायची, 'आय हॅव द ऑनर टु बी, सर, युअर ओबीडियंट सर्व्हंट' हे शेपूट रोज तीस वेळा. रात्री एका ओळखीच्याच्या मागच्या खोलीत दुसऱ्या मशीनवर हकिगती. कचेरीचं मशीन चुकूनही वापरायचं नाही. प्रत्येक टाइपरायटरचं एखादं अक्षर तिरकं किंवा तुटकं असतं, पोलीस त्यावरून घर गाठतात. कार्बन जाळायचा. स्टेन्सिल जाळताना मेणाचा वास सुटतो म्हणून त्याच वेळी चुलीवर सुकी मासळी भाजायची. ही युक्ती त्या घरच्या म्हातारीची. शेजारीपाजारी फक्त एवढंच म्हणायचे की या घरात भलते बांगडे खातात.

"आमी कितें केलें? कांयच केलें ना," हे त्यांचं पालुपद. आधी मला तो विनय वाटायचा. आता वाटतं की तो हिशेब आहे. कारकून माणूस, जमा-खर्च चोख. किती रीम कागद, किती स्टेन्सिल, किती वेळा सायकलवरून बिस्किटांच्या डब्यातून कागद पोचवले, हे आकडे ते सांगतात. आपल्याला भीती वाटली का, अभिमान वाटला का, हे विचारलं की खिडकीबाहेरचा बर्फ बघतात.

पियोचं लग्न जानेवारी १९५४ मध्ये झालं, एम्माशी. लग्नात सासऱ्यांनी दिलेल्या पैशांतून त्यानं छापखान्याचं यंत्र घेतलं, ही गोष्ट नैरोबीच्या गोंयकारांत सगळ्यांना ठाऊक. पुरुष ती कौतुकानं सांगतात. अंकलच्या पत्नी, आंटी, ती सांगत नाहीत. एकदा फक्त म्हणाल्या, "त्या बायेक कोणी विचारलें?" पाच महिन्यांनी, जूनमध्ये, त्याला पकडलं. लामूजवळच्या मांडा बेटावर, शेकडो आफ्रिकी कैद्यांमध्ये, १९५८ च्या सुरुवातीपर्यंत. मग काबारनेटला नजरकैद, ऑक्टोबर १९५९ पर्यंत. संसाराची पहिली साडेपाच वर्षं अशी गेली.

त्या काळात समाज त्याच्याशी कसा वागला, हे अंकल मोजक्या शब्दांत सांगतात. लोक रस्ता बदलायचे. अंकलच्या एका नातेवाइकानं आपल्या घरातला एक ग्रुप फोटो कात्रीनं कापला, पियो कडेला उभा होता म्हणून सोपं गेलं. आणि मग, कित्येक वर्षांनी, कॅनडात, त्याच माणसाच्या तोंडून एका कार्यक्रमात 'आमचो पियो' ऐकलं. अंकल काही बोलले नाहीत. मी त्यांना आमच्या गावचं सांगितलं. १९५५ च्या पंधरा ऑगस्टला सत्याग्रही बांद्याहून पत्रादेवीकडे गेले, तेव्हा आमच्या आजोबांनी त्यांना पाणी दिलं होतं. मी लहान असताना ती पाण्याची कळशी होती. वडिलांच्या तोंडी भाकरी आली. चुलतभावाच्या भाषणात आजोबांना लाठी बसली. अंकल इतके हसले की ठसका लागला.

गोव्याची आणि आफ्रिकेची ही गाठ नुसती माझ्या मनातली नाही. एप्रिल १९६१ मध्ये कासाब्लांकात पोर्तुगीज वसाहतींमधल्या संघटना एकत्र आल्या, त्यात अंगोला, मोझांबिक, गिनी यांच्या पंगतीला गोव्याच्याही संघटना बसल्या होत्या. बार्देशचा आकिनो द ब्रागांसा त्या वर्तुळातला. तो पुढं मोझांबिकचा राष्ट्राध्यक्ष सामोरा माशेल याचा सल्लागार झाला आणि १९८६ च्या ऑक्टोबरात त्याच्याच विमानाच्या अपघातात त्याच्याबरोबर गेला. आपल्या पाठ्यपुस्तकातली गोवामुक्ती मात्र पत्रादेवीला सुरू होते आणि पणजीत संपते.

१२ डिसेंबर १९६३ ला केनिया स्वतंत्र झाला. अंकल त्या रात्री मैदानावर होते, पाऊस पडून चिखल झाला होता, बूट गेले. एवढंच. मी आणखी काही निघेल म्हणून थांबले, पण त्यांच्या आठवणीत त्या रात्रीला बुटांपेक्षा जास्त जागा नाही.

त्यानंतरचं मात्र ते सलग सांगतात. पियो १९६४ मध्ये खासदार झाला. जमिनी कुणाला मिळाल्या, जंगलात लढलेल्यांना काय मिळालं, हे प्रश्न त्यानं सोडले नाहीत. आणि सत्तेत बसलेल्यांत जे नवे जमीनदार झाले होते त्यांना ते प्रश्न नको होते. २४ फेब्रुवारी १९६५ ला सकाळी, वेस्टलँड्समधल्या घराच्या फाटकापाशी, गाडीत, मागच्या सीटवर लहान मुलगी असताना त्याला गोळ्या घातल्या. सदतीस वर्षांचा होता. स्वतंत्र केनियातला हा पहिला राजकीय खून. किसिलू मुटुआ नावाच्या तरुणाला त्यात शिक्षा झाली. तो आपण निर्दोष आहोत असं सांगत पस्तीस वर्षं तुरुंगात राहिला आणि २००० साली सुटला. हुकूम कुणी दिला, ते न्यायालयात कधीच आलं नाही. एम्मा तीन मुलींना घेऊन कॅनडात आली. नैरोबीच्या सिटी पार्कमध्ये पियोची कबर आहे, आणि शेजारी जोसेफ मुरुंबीची. मुरुंबीचे वडील गोंयकार, आई मासाई. तो देशाचा उपराष्ट्रपती झाला आणि लवकरच पायउतार झाला. मेल्यावर आपल्याला मित्राजवळ ठेवा, अशी त्याची इच्छा होती.

अंकल १९६८ मध्ये निघाले. तोवर नागरिकत्वाची मुदत उलटून गेली होती, नव्या कायद्यांनी नोकरीचे परवाने आवळले होते, ब्रिटननंही त्या मार्चमध्ये दार ओढून घेतलं होतं. ज्या देशासाठी रात्री जागवल्या तिथं कागद कमी पडला, यावर कुणी कडवट झालं असतं. अंकल नाहीत. "वेळेवर फॉर्म भरला नाही. चूक माझी. कराणी असून."

एकदा मी त्यांना विचारलं, तुम्ही टाइप केलेलं काही उरलंय का? नाही. पण सरकारी बाजूचंही उरलेलं नाही, ते म्हणाले, आणि मला वाचून बघायला सांगितलं. बघितलं. इंग्रजांनी जाण्यापूर्वी अडचणीचे कागद जाळले. पाण्यात बुडवायचे तर जड पेट्यांतून, खोल आणि प्रवाह नसलेल्या जागी, अशा सूचना होत्या. आणि त्या फायली हाताळायची परवानगी फक्त युरोपीय वंशाच्या अधिकाऱ्यांना. ज्यांनी आयुष्यभर फायली लावल्या ते गोंयकार कराणी त्या शेवटच्या दिवसांत दाराबाहेर. काही पेट्या गुपचूप इंग्लंडला गेल्या, परराष्ट्र खात्याच्या हॅन्स्लोप पार्कमध्ये दडून राहिल्या, आणि छावण्यांत छळ सोसलेल्या म्हाताऱ्यांनी लंडनच्या कोर्टात दावा लावला तेव्हा, २०११ मध्ये, केनियाच्या सुमारे १,५०० फायली बाहेर आल्या. २०१३ मध्ये ब्रिटिश सरकारनं खेद व्यक्त केला आणि ५,२२८ जणांसाठी जवळजवळ दोन कोटी पौंड मान्य केले. "बघ," अंकल म्हणाले, "शेवटी कागदच बोलला." त्या दिवशी ते खुशीत होते, आणि मला वाटतं म्हणूनच ती दुसरी गोष्ट निघाली.

त्यांच्या आईवडिलांकडे नैरोबीच्या पंगानी भागात एक किकुयू जमातीचा स्वयंपाकी होता. चाळिशीचा, न्येरीकडचा. घरात सगळे त्याला बाप्तिस्म्याच्या नावानं हाक मारत. २४ एप्रिल १९५४ ला ब्रिटिशांनी अख्खं नैरोबी वेढलं, ऑपरेशन अँव्हिल. घरोघरी ट्रक. माऊ माऊचा संशय म्हणून किकुयू, एंबू, मेरू जमातीचा माणूस दिसला की आधी वर चढवायचा आणि मग छावणीत नेऊन निवडायचा, लांगाटा, मॅकिनन रोड, मान्यानी. हजारोंनी गेले. त्यात हा. त्याची सायकल अंगणात भिंतीला टेकलेली राहिली.

त्याच आठवड्यात अंकल रात्री याद्या टाइप करत होते, पकडलेल्यांच्या, बाहेर पाठवायला. नाव, बापाचं नाव, गाव. आपल्या घरचा माणूसही घालावा म्हणून त्यांनी नवी ओळ सुरू केली. पहिलं नाव मारलं आणि थांबले. पुढं काय? नऊ वर्षं तो त्यांच्या घरी होता. आईला विचारलं, वडिलांना विचारलं. कुणालाच माहीत नव्हतं. "माझ्याकडे यादी होती, मशीन होतं, नाव नव्हतं." अर्धी ओळ स्टेन्सिलवर राहिली, त्यांनी ती दुरुस्तीच्या लाल द्रवानं बुजवली. त्याला नेलपॉलिशसारखा वास येतो म्हणाले. आंटी अजूनही घरात नेलपॉलिश लावत नाहीत. का, ते मी विचारलं नाही.

सायकल दोन वर्षं तशीच. गंजायला लागली. १९५६ मध्ये आईनं ती साठ शिलिंगांना विकली. "हांवें आडायली ना," अंकल म्हणाले.

१९५९ मध्ये तो परत आला. डावा कान ऐकू येईनासा झालेला. फाटकाशी उभा राहून पहिली चौकशी सायकलची. आईनं त्याला चहा दिला, मग आत जाऊन साठ शिलिंग आणले. त्यानं मोजले नाहीत. त्याला नोकरीसाठी अर्ज हवा होता, टाइप केलेला. अंकलनी मशीन काढलं, कागद चढवला, रिबन जागेवर आहे ना पाहिलं, आणि विचारलं, पूर्ण नाव?

ते नाव अंकलनी मला सांगितलं. तीन शब्दांचं. मग एकेक अक्षर करून स्पेलिंग सांगितलं, आणि सांगताना बोटं टेबलावर त्या त्या जागी पडत होती. मी लिहून घेतलं आहे. त्याच्या घरचं कुणी असेल तर त्यांना विचारल्याशिवाय ते इथं देणं मला बरं वाटत नाही.